पहिल्या सागरी सफरीआधी: दिवे मालवून करायचा सराव

शिडाच्या नौकेने पहिल्यांदाच मुंबई-गोवा निघालात की आदल्या रात्री पोटात गोळा येतोच. दोनशेहून जास्त सागरी मैल, त्यात रात्रीचा पहारा. नौका नांगरावर असतानाच एवढं करा:

१. केबिनचे दिवे मालवा. नुसत्या हाताने लाईफ जॅकेट, टॉर्च, अग्निशामक शोधा. हार्नेसचा (स्वतःला नौकेशी अडकवून ठेवायच्या पट्ट्याचा) थंडगार हूक डोळे मिटून दहादा लावा-काढा. बोटांना सवय झाली की धडधड खरंच कमी होते.

२. प्रत्येक भीती कागदावर लिहा आणि कॅप्टनकडून तिचं उत्तर घ्या. कुणी पाण्यात पडलं तर एकाने त्याच्याकडे बोट रोखून धरायचं, नजर हलवायची नाही.

जपून: बोट लागू नये (मळमळ, उलटी होऊ नये) म्हणूनची गोळी निघण्याआधी घ्यायची असते. तिने झोप किती येते, ते मात्र डॉक्टरांना विचारून आधी घरीच पाहा.