नौसैनिकाच्या शौर्यपदकांमागची हकीकत कशी शोधावी

घरात १९७१ च्या युद्धातील पदके असतील, तर ती प्रथम पॉलिशने घासू नयेत, कारण मोहीम-पदकांच्या (युद्धातील सहभागासाठी मिळालेल्या पदकांच्या) कडेवर कोरलेला क्रमांक, हुद्दा आणि नाव घासण्याने पुसट होते व तोच शोधाचा खरा धागा असतो. भिंगाने ती अक्षरे वाचून जशीच्या तशी उतरवून घ्यावीत. मग फीत पाहावी: अर्धी गडद निळी, अर्धी केशरी असेल तर वीरचक्र, अर्धी पांढरी, अर्धी केशरी असेल तर महावीरचक्र, जे त्या युद्धात लीडिंग सीमन चिमण सिंग यांना मिळाले. त्यानंतर भारताच्या राजपत्रातील मानपत्र, म्हणजे पदक कोणत्या कामगिरीसाठी दिले त्याचे वर्णन, शोधून त्यातील तारीख जहाजाच्या कामगिरीशी ताडून पाहावी, आणि सोबतचे वयस्क नौसैनिक हयात असतील तर त्यांची आठवण आधी टिपून घ्यावी.