सुगंधी मेणबत्ती घरी करताय? अंदाजपंचे करू नका

माझ्या पहिल्या बारा मेणबत्त्या नणंदेच्या डोहाळजेवणाच्या वाणासाठी होत्या. मोगऱ्याच्या. दिसायला देखण्या, पण पेटवल्यावर वास आला तो फक्त तापलेल्या मेणाचा. नणंद एक काच नाकाशी धरून म्हणाली, "वहिनी, हा मोगरा सुकलेला होता का गं?"

चूक साधी होती. आमटीत मीठ घालावं तसं मी तेल हाताच्या अंदाजाने घातलं होतं, "दहा-बारा थेंब पुरे" म्हणत. दहा थेंब म्हणजे जेमतेम अर्धा ग्रॅम. 160 ग्रॅम मेणात अर्धा ग्रॅम तेल कुठे हरवलं असेल, तुम्हीच सांगा.

सोया मेणाला, म्हणजे सोयाबीनच्या तेलापासून केलेल्या मेणाला, साधारण 6 ते 10 टक्के सुगंधी तेल लागतं आणि ते वजनावर मोजायचं, मिलीवर नाही. 160 ग्रॅम मेणाला 8 टक्के म्हणजे जवळपास 13 ग्रॅम. ग्लासात मेण किती बसेल हे शोधायला, हवं तिथपर्यंत पाणी भरून त्याचं वजन करा. मेण पाण्यापेक्षा हलकं, त्यामुळे 200 ग्रॅम पाणी मावणाऱ्या ग्लासात तेल धरून 175 ग्रॅमच्या आसपास माल जातो. मोजून झालं की ग्लास आतून खडखडीत कोरडा करा. आणि "जास्त तेल, जास्त वास" या मोहात पडू नका. मेणाला न पेललेलं तेल वर घामासारखं सुटतं, वात गुदमरते आणि काजळी धरते.

आता तेल कोणतं? घरात असलेलं काहीही चालत नाही. गुलाबपाणी मेणात मिसळतच नाही, त्याचे थेंब तळाशी बसतात आणि वात तडतडते. अंगावर मारायच्या परफ्यूममध्ये अल्कोहोल असतं, ते तापलेल्या मेणात ओतणं म्हणजे आगीशी खेळ. मेणबत्तीसाठी म्हणून विकलं जाणारं फ्रॅग्रन्स ऑइलच घ्या. मोगऱ्याचं "शंभर टक्के नैसर्गिक" तेल कुणी शंभर रुपयांत देत असेल तर हसून पुढे चला, अस्सल मोगरा त्या भावात मिळत नाही. व्हॅनिलाच्या तेलाने पांढरं मेण काही दिवसांत पिवळट-तपकिरी होतं. तो बिघाड नाही, व्हॅनिलिनचा स्वभाव आहे. पांढरीशुभ्रच हवी असेल तर दुसरा वास निवडा.

तेल बरोबर मोजलं तरी वास येत नाही, त्याची दोन कारणं मला वारंवार दिसतात. एक, "वास उडून जाईल" या भीतीने मेण पार कोमट झाल्यावर तेल घालणं. मग ते नीट एकजीव होत नाही. बहुतेक सोया मेणांत तेल 75 ते 85 अंशांच्या दरम्यान घालतात आणि दोन मिनिटं सावकाश ढवळतात, ओततात मात्र थोडं निवल्यावर. नेमका आकडा तुमच्या मेणाच्या पाकिटावर असतो, तो माना. त्यासाठी थर्मामीटर हवाच, बोट बुडवून हे कळत नाही. दुसरं कारण म्हणजे घाई. सोया मेणात वास मुरायला एक-दोन आठवडे लागतात, लोणच्यासारखे. दिवाळीत द्यायच्या असतील तर दसऱ्याच्या सुमारास ओतून, झाकण लावून, सावलीत ठेवून द्या. धनत्रयोदशीला रात्री जागून केलेल्या मेणबत्त्यांना पाडव्याला वास नाही म्हणून तेलवाल्याला दोष देऊ नका.

वातीचं प्रकरण

माझी सगळ्यात जास्त डोकेदुखी वातीने केली. देवघरातली वात मेणबत्तीत चालेल असं पहिल्यांदा सगळ्यांनाच वाटतं. समईची वात सैल वळलेली असते. तेलात, तुपात ती छान जळते, कारण तिथे इंधन पातळच असतं. घट्ट मेण वितळवून वर ओढायचं काम तिला झेपत नाही. मेणबत्तीची वात वेणीसारखी विणलेली असते, त्यामुळे ती जळताना किंचित वाकते आणि टोक ज्योतीत जाऊन राख होतं. 1825 साली फ्रान्समध्ये कांबासेरेस नावाच्या माणसाने ही विणलेली वात आणली. त्याआधी जळकं टोक सतत कात्रीने छाटत बसावं लागे.

आता जाडी. मधोमध खड्डा पडत वात खाली खाली जाते आणि कडेचं मेण तसंच उभं राहतं, तेव्हा बहुधा वात बारीक असते. ज्योत नाचते, धूर येतो, टोकावर काळी अळंबी उगवते, तेव्हा ती जाड असते किंवा छाटलेली नसते. दर वेळी पेटवण्याआधी वात 5-6 मिलिमीटर ठेवा. 7 सेंटिमीटर व्यासाच्या ग्लासात साधारण तीन तासांत वितळलेलं मेण काठापर्यंत पोचायला हवं. पहिल्यांदा पेटवाल तेव्हा ते पोचेपर्यंत विझवू नका, नाहीतर पुढेही ती तेवढ्याच वर्तुळात जळत राहते. पण चार तासांपेक्षा जास्त एका बैठकीत नको. खड्डा पडलाच असेल तर ग्लासाच्या तोंडावर ॲल्युमिनियम फॉइल लावून मधे भोक ठेवा आणि शेजारी बसून राहा, कडेचं मेण वितळून पातळी सारखी होते. आणि हो, पंखा बंद करा. अर्धी खड्ड्याची तक्रार पंख्याचीच असते.

जे सुंदर दिसतं ते

प्रदर्शनांत हल्ली करवंटीतल्या मेणबत्त्या फार दिसतात. कोकणात बंबात घालतात ती हीच करवंटी हो! ती जळणच आहे, आणि बुडाला गोल असल्याने डुलतेही. बिनचकाकीचं कुल्हड मेण शोषून घेतं. वर खोचलेल्या गुलाबपाकळ्या आणि दालचिनी फोटोपुरत्या ठीक. ज्योत खाली आली की पाकळी पेटते आणि एका मेणबत्तीच्या दोन होतात. जाड, उष्णता सोसणारी काच घ्या. साधा पातळ पाण्याचा ग्लास तडकू शकतो. तळाशी एक सेंटिमीटर मेण उरलं की थांबायचं.

काचेला आतून ओलसर डाग दिसतात ते मेण काचेपासून सुटल्यामुळे. ग्लास ओतण्याआधी किंचित कोमट करा आणि सावकाश निवू द्या, फ्रीजमध्ये मुळीच नको. वर पांढरी बुरशीसारखी नक्षी आली तर ती बुरशी नाही, सोया मेणाचे स्फटिक आहेत. जळण्यात काही फरक पडत नाही. काही सोया मेणं 46-50 अंशांनाच वितळतात, तेव्हा मे महिन्यात नागपूरला कुरियर करायच्या असतील तर जरा थांबा.

मेण थेट गॅसवर ठेवू नका, गरम पाण्याच्या पातेल्यात दुसरं भांडं ठेवून वितळवा. उकळीची वाट पाहू नका. दुधासारखं ते उकळून इशारा देत नाही, धुरायला लागतं आणि मग पेट घेतं. पेटलंच तर गॅस बंद, वर झाकण. पाणी अजिबात नाही, भडका उडतो.

उरलेलं मेण बेसिनमध्ये ओतलंत तर प्लंबरला बोलवावं लागेल. भांडं गरम असतानाच जुन्या वर्तमानपत्राने पुसून घ्या. फसलेल्या मेणबत्त्या फेकू नका, माझ्या त्या बारा मी वितळवून, वजन करून, पुन्हा ओतल्या. नणंदेला मात्र त्या बाळाच्या बारशाला मिळाल्या.