गाळानं बुजलेली बारव गावानं मिळून कशी उपसावी

मराठवाड्यातल्या जुन्या गावांत वेशीजवळ नाहीतर देवळामागं बारव, म्हणजे पायऱ्यांची दगडी विहीर, सहसा सापडतेच. नळ आला, पाठोपाठ बोअर आले आणि बारवेत कचरा पडायला लागला. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तेव्हा या पाणवठ्यांची पुन्हा चर्चा निघाली. परभणी जिल्ह्यात सेलू तालुक्यातल्या वालूरच्या गावकऱ्यांनी तर गाळात गेलेली चक्राकार बारव मोकळी करून दाखवली. तुमच्या गावात हे करायचं मनात असेल तर टिकाव-फावडं सगळ्यात शेवटी हातात घ्यायचं. आधीची कामं जास्त वेळ खातात.

आधी कागद

बारव कुणाच्या नावावर आहे ते बघा. शेतात असेल तर सातबारा, गावठाणात असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना ८. खाजगी मालकी निघाली तर मालकाची लेखी संमती घ्या. तोंडी 'करा की, माझं काय जातंय' यावर जाऊ नका. पाणी लागलं की हेच वाक्य फिरतं. बारव संरक्षित स्मारक आहे का, हे पुरातत्त्व विभागाकडं विचारा. असेल तर त्यांच्या परवानगीशिवाय एक दगडही हलवायचा नाही.

मग ग्रामसभेचा ठराव. २६ जानेवारीची सभा यासाठी सोयीची, कारण उन्हाळ्याआधी हातात दोन-तीन महिने राहतात. कोरमला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यातली कमी असेल ती संख्या लागते. तेवढी माणसं स्वतः घरोघर जाऊन बोलवा, दवंडीवर किंवा व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर विसंबू नका. ग्रामसभेआधी महिलांची सभा होते, तिथं हा विषय आवर्जून काढा. पाणी भरणारी माणसं तिथं बसलेली असतात.

माणसं कशी जोडायची

इथं बहुतेक ठिकाणी घोडं अडतं. आपल्याकडं पाणवठे जातीजातीत वाटलेले होते, ही गोष्ट कुणी बोलून दाखवत नाही, पण विसरलेलंही कुणी नाही. म्हणून पहिली बैठक पाटलाच्या वाड्यात किंवा एखाद्या पुढाऱ्याच्या ओसरीवर घेऊ नये. बारवेच्या काठावरच सतरंजी टाका. 'उपसायला सगळे आणि पाणी घ्यायला मोजके, असं चालणार नाही; पाणी सगळ्या वस्त्यांचं' हे पहिल्याच बैठकीत मोठ्यानं सांगा आणि ठरावात लिहून घ्या. हे लिहिलेलं नसेल तर अर्ध्या गावानं घाम का गाळावा?

बैठकीला म्हाताऱ्या माणसांना हात धरून आणा. पहिली पायरी कुठं होती, पाणी कोणत्या बाजूनं यायचं, मोट कुठं लागायची, हे त्यांनाच ठाऊक असतं. एखादी आज्जी बाभळीच्या झुडपाकडं बोट करून म्हणते, 'तिथं न्हवं रं, हिकडं खण, हितं उतरायचो आमी', आणि दोन दिवसांची खोदाई वाचते.

बीडसारख्या भागात ऊसतोडीला गेलेल्या टोळ्या साधारण पाडव्याच्या सुमारास परततात. त्या येईपर्यंत थांबा. त्या घरांना वगळून काम सुरू केलं तर ते कायमचे बाजूला राहतात. लगीनसराईतल्या दाट तिथीही टाळा. पाडवा ते मृग एवढाच काळ खरा कामाचा, तेव्हाच पाणी सगळ्यात खाली गेलेलं असतं. उन्हामुळं सकाळी सहा ते नऊ यापलीकडं काम ठेवू नका. एप्रिलात दुपारी श्रमदान ठेवणारा माणूस फोटोसाठी ठेवतो, असं माझं मत आहे.

आत उतरण्याआधी

बुजलेल्या विहिरीत हवा खराब असते. वरची झुडपं काढून काही दिवस तोंड मोकळं ठेवा. पेटता कंदील दोरीनं खाली सोडा. विझला तर कुणीही उतरायचं नाही. विझला नाही तरी कमरेला दोर आणि वर दोन माणसं हवीतच, कारण कंदील सगळे वायू ओळखत नाही. डिझेल इंजिन विहिरीच्या आत कधीही लावू नका. त्याच्या धुरानं माणसं गुदमरून जातात. उपसा विजेच्या पंपानं करा, आणि माणसं आत असताना पंप बंद.

भिंतीत वड-पिंपळाची मुळं शिरलेली असतात. ती ओढून काढली की दगड सुटतात. कापा आणि तशीच सोडा. जेसीबी फार तर काठाबाहेरचा ढीग हलवायला, पायऱ्यांवर त्याचं बकेट लावायचं नाही. साप निघणारच, सर्पमित्राचा नंबर जवळ ठेवा.

गाळ

प्रत्येक पायरीवर एक माणूस उभा करा आणि घमेलं हातोहात वर येऊ द्या. भरलेलं उजवीकडून, रिकामं डावीकडून, नाहीतर पायरीवर धक्काबुक्की होते. वरचा थर म्हणजे प्लास्टिक, फुटक्या चपला, गणपतीच्या मखराचे तुकडे, बाटल्या. हा वेगळा ढीग. त्याखालचा काळा चिकट गाळ शेतकरी आपल्या ट्रॅक्टरनं आपल्याच खर्चानं नेतात, फक्त कुणी किती खेपा न्यायच्या ते आधी ठरवा.

तळ जवळ आला की फावडं बाजूला ठेवून हातानं चाळा. मूर्ती, कोरीव दगड, अक्षरं असलेला शिलालेख निघू शकतो. तो घासू नका, त्यावर तेल-शेंदूर लावू नका. जागेवरच फोटो काढून तहसीलदारांना कळवा. जमिनीत पुरलेलं धन आणि मौल्यवान वस्तू सापडल्या तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं बंधन १८७८ च्या कायद्यानं आहे, आणि तो अजून लागू आहे.

पैसे कमी लागतात, पण हिशेब रोज लागतो. मारुतीच्या पारावर फळा ठेवा: डिझेल किती, दोर किती, चहा किती. वही एकाकडं, रोकड दुसऱ्याकडं. ज्याला पैसे जमत नाहीत त्याच्या भाकरी-ठेच्याचीही नोंद त्याच फळ्यावर घ्या.

पाणी लागल्यावर

लगेच पिऊ नका. नमुना जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत पाठवा. तोवर जनावरं, झाडं, धुणं. पिण्यासाठी वापरायचंच ठरलं तर टीसीएल (ब्लीचिंग पावडर) किती आणि केव्हा, हे ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला विचारा. गटाराचं पाणी बारवेकडं येत असेल तर ते आधी वळवा, नाहीतर दोन पावसाळ्यांत पुन्हा तेच. पोरं खेळतात, म्हणून कठडा आणि जाळीचं दार हवं. निर्माल्यासाठी बाहेर कुंड बांधा आणि गणेश विसर्जनाची जागा वेगळी ठरवून द्या.

राखणीचं वेळापत्रक आळीवार करा, महिन्याला एक आळी. दाराची किल्ली सरपंचाकडं न ठेवता त्या महिन्याच्या आळीकडं ठेवा. दरवर्षी मृगाआधी एका सकाळी काठावरचं गवत आणि पाणी आत येण्याची वाट साफ करायची. त्याची तारीख १ मेच्या ग्रामसभेत, सगळे समोर बसलेले असतानाच पक्की करून घ्या.