माजी सैनिकांना तिळगुळाचं हातचं पाकीट

१४ जानेवारी हा माजी सैनिक दिन. १९५३ साली याच दिवशी पहिले भारतीय लष्करप्रमुख करिअप्पा निवृत्त झाले. संक्रांतही बहुधा तेव्हाच, म्हणून मुलांकडून तिळगुळाची कागदी पाकिटं करून घ्या. कार्डशीट जाड हवा. आत बटर पेपर लावाच, नाहीतर तिळाच्या तेलाचे डाग बाहेर उमटतात. वर तीन पट्ट्या चिकटवा: लाल, गडद निळी, आकाशी. सशस्त्र सेना ध्वजदिनाच्या झेंड्यातले हे रंग, अनुक्रमे भूदल, नौदल आणि हवाई दलाचे. तिरंगा मात्र नको. पाकीट शेवटी केरातच जातं. नुसतं ‘थँक यू’ लिहिण्यापेक्षा आजोबांची पलटण आधी विचारा नि तिचं नाव ठळक, मोठ्या अक्षरांत घाला. द्यायला मुलांनाच पाठवा, सवडीनं. गप्पा लांबतात.