निरीक्षणापासून औषधापर्यंत: संशोधन पुढे कसे न्यावे

प्रयोगात अनपेक्षित काही आढळले, तर प्रथम त्याची जशीच्या तशी नोंद करावी. १९२८ मध्ये लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात बुरशीभोवतीचे जिवाणू नष्ट झालेले पाहून अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी हेच केले.

नंतर प्रश्न इतका नेमका करावा, की प्रयोगातून त्याचे होय किंवा नाही असे उत्तर मिळेल. तुलनेसाठी उपचाराविना एक गट ठेवणे ही माझ्या मते सर्वांत मोलाची पायरी आहे. मे १९४० मध्ये ऑक्सफर्ड येथे हॉवर्ड फ्लोरी यांच्या गटाने आठ उंदरांना घातक जिवाणू टोचले आणि त्यांपैकी चारच उंदरांना पेनिसिलिन, म्हणजे फ्लेमिंग यांच्या त्या बुरशीपासून मिळणारे जिवाणूनाशक औषध, दिले. सकाळपर्यंत उपचाराविना ठेवलेले चारही मेले होते, उरलेले जिवंत होते.

गुण सिद्ध झाला तरी उत्पादनाचा प्रश्न उरतोच, म्हणून अभियंत्यांना लवकर सोबत घ्यावे. १९४१ मध्ये एका पोलीस शिपायाची प्रकृती सुधारत असतानाच औषध संपले. त्याच्या लघवीतून परत मिळवलेले पेनिसिलिनही पुरले नाही आणि तो दगावला. पुढे अमेरिकेत, मक्यापासून स्टार्च काढताना उरणारा द्रव वापरून आणि खोल टाक्यांत निर्जंतुक हवा खेळवून बुरशी वाढवण्याचे तंत्र साधले, तेव्हाच मोठ्या प्रमाणावर उत्पादन शक्य झाले.