जुन्या भाडेकरूशी नव्या भाड्याचं बोलणं कसं करावं

माझ्या घरात सात वर्षं एकच कुटुंब राहत होतं आणि त्या काळात मी भाडं एकदाही वाढवलं नाही. लोकांना तो माझा चांगुलपणा वाटायचा. खरं तर तो आळस होता, आणि विषय काढायचा संकोच. असा संकोच साचत गेला की एक दिवस सगळी वाढ एकदम मागावीशी वाटते, आणि बोलणी तिथेच फिसकटतात.

1. जुना करार काढून वाचा

मुदत शिल्लक असेल आणि करारात वाढीचं कलम नसेल, तर सहसा मधेच भाडं वाढवता येत नाही. मुदत संपेपर्यंत थांबा. नोटीस किती दिवस आधी द्यायची, वाढीला कायद्याने मर्यादा आहे का, हे आपल्या भागाच्या नियमांत पाहून घ्या. हे नियम ठिकाणागणिक बदलतात, त्यामुळे दुसऱ्या गावच्या पाहुण्याचा सल्ला इथे कामाचा नाही.

2. रिकाम्या घराचा हिशोब मांडा

ही पायरी बहुतेक घरमालक गाळतात. समजा सध्याचं भाडं महिना 100 आहे, म्हणजे वर्षाचे 1200. तुम्ही 8 टक्के वाढीवर अडून बसलात, भाडेकरू निघून गेला आणि नवा मिळेपर्यंत एक महिना गेला. आता 108 प्रमाणे अकराच महिने मिळणार: 1188. वाढ मिळूनही वर्षाअखेर हातात आधीपेक्षा कमीच. रंगकाम, दलाली आणि नवी माणसं कशी निघतात याची धाकधूक वेगळीच. वेळेवर भाडं देणारा माणूस किती मोलाचा, ते या आकड्यांवरून कळतं.

3. आकडा ठरवा, पण जाहिराती पाहून नको

जाहिरातीतलं भाडं म्हणजे मालकाची मागणी, ठरलेला व्यवहार नव्हे. गेल्या काही महिन्यांत ज्यांचे करार झाले अशा दोन-तीन जणांना विचारा. घर आपल्यासारखंच हवं: तेवढंच क्षेत्रफळ, साधारण तशीच अवस्था.

दरवर्षी 5 टक्के वाढवलं असतं तर सात वर्षांत 100 चे जवळपास 141 झाले असते. हा हिशोब मीही कागदावर केला होता. पण समोरच्याचा पगार एका महिन्यात 41 टक्क्यांनी वाढलेला नसतो. न मागितलेली वाढ ही माझी चूक, तिची वसुली त्याच्याकडून कशी करणार? आजच्या दरापेक्षा थोडं खाली थांबायचं आणि तिथवरही टप्प्याटप्प्याने जायचं, निम्मी वाढ आता, निम्मी सहा महिन्यांनी, असं मी ठरवलं.

4. आधी कळवा, मग भेटा

जिन्यात गाठून भाड्याचा विषय काढू नये. मुदत संपायच्या दोन-तीन महिने आधी निरोप पाठवा: “करार संपत आलाय. तुम्ही राहावं अशीच आमची इच्छा आहे. भाडं थोडं वाढवावं लागेल, त्याबद्दल बोलायचं होतं. या रविवारी जमेल का? घरातली काही दुरुस्ती राहिली असेल तर तीही सांगा.”

शेवटचं वाक्य गाळू नका.

5. आकडा सांगून झाला की गप्प बसा

मी आकडा सांगितला तेव्हा भाडेकरू काही बोलले नाहीत. उठून आत गेले आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेल्या प्लंबरच्या चार पावत्या घेऊन आले. मग स्वयंपाकघरात नेऊन सिंकखालचं दार उघडलं. पाइपखाली स्टीलचं पातेलं ठेवलेलं, अर्धं भरलेलं. “रोज रात्री रिकामं करतो,” एवढंच म्हणाले. वाढीचा पहिला टप्पा पाइप बदलून झाल्यावरच लागू होईल, हे मी तिथेच कबूल केलं. त्या चार पावत्यांची रक्कमही वळती केली.

भाड्याचा आकडा जुळत नसेल तर बाकीच्या अटींत वाव असतो. ते दोन वर्षं नक्की राहणार असतील तर वाढ कमी करा. पुढच्या वर्षीची वाढ आजच ठरवून टाका. रंग काढून द्या, भिंतीला शेल्फ ठोकायची परवानगी द्या. मात्र भाड्याबरोबर डिपॉझिटही वाढवायला जाऊ नका, एकाच महिन्यात दोन्ही ओझी झेपत नाहीत. आणि “दुसरा जास्त द्यायला तयार आहे” हे खरं असलं तरी धमकी म्हणून वापरू नका. पाणी-वीज तोडायची भाषा तर मुळीच नको. ती करणारा मालक स्वतःच कायद्याच्या कचाट्यात सापडू शकतो.

6. ठरलेलं कागदावर आणा

नवं भाडं, ते लागू होण्याची तारीख, पुढची वाढ, नोटिशीची मुदत, मेंटेनन्स कोण भरणार, कोणती दुरुस्ती कोणाकडे. झिजलेला नळ मालकाने बदलायचा, फुटलेली काच ज्याच्या हातून फुटली त्याने. सह्या दोघांच्या, प्रत दोघांकडे, नोंदणी लागत असेल तर तीही करून घ्या.

त्यांनी नाहीच म्हटलं, तर विचाराला पंधरा दिवस द्या. तरीही जमलं नाही तर घर शोधायला पुरेसा वेळ द्या, आणि चावी हातात येईल त्या दिवशी मीटरचं रीडिंग दोघांनी मिळून लिहून घेऊन डिपॉझिटचा हिशोब तिथेच पुरा करा.