औषधाची चूक झाली, आता चौकशी कशी करायची?

फार्म.डी. (फार्मसीची पदवी) किंवा नर्सिंग संपवून बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या रुग्णालयांत लागणाऱ्या मुलामुलींसाठी हे लिहितेय. मी क्लिनिकल फार्मसिस्ट आहे. औषध देताना चूक झाली की तिच्या मुळाशी जाणं हा माझ्या कामाचा मोठा भाग आहे. कॉलेजात याबद्दल फार कमी शिकवतात, आणि कामावर लागलं की लगेच गरज पडते.

एक प्रसंग सविस्तर सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत. चंदगडकडचे एक आजोबा ॲडमिट झाले. मधुमेह जुना, इन्सुलिनचं पेन घरूनच आणलेलं. चार्टवर रात्रीच्या जेवणाआधी 16 युनिट लिहिलं होतं. पेनाच्या सुया संपल्या होत्या, म्हणून सिस्टरनी पेनातल्या कार्ट्रिजमधून, म्हणजे औषधाच्या नळीतून, वॉर्डातल्या लाल टोपणाच्या सिरिंजनं 16 च्या रेघेपर्यंत औषध ओढलं आणि दिलं. मध्यरात्रीच्या सुमारास आजोबांना दरदरून घाम फुटला, बोलणं अडखळू लागलं. शुगर 41, म्हणजे धोकादायक इतकी कमी. शिरेतून डेक्स्ट्रोज (साखरेचं द्रावण) दिल्यावर ते सावरले, पण सकाळपर्यंत सारखी शुगर तपासत राहावं लागलं.

गणित समजून घ्या. आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या बहुतेक एका मिलीलिटरला 40 युनिटच्या असतात, पेनाचं कार्ट्रिज 100 युनिटचं. सिरिंजही दोन तऱ्हेच्या: लाल टोपणाची 40 साठी, केशरी टोपणाची 100 साठी. लाल टोपणाच्या सिरिंजवर 16 ची रेघ म्हणजे 0.4 मिली. कार्ट्रिजमधलं 0.4 मिली म्हणजे 40 युनिट. अडीच पट डोस गेला, आणि सिरिंजवर मात्र आकडा बरोबर दिसत होता.

अशा वेळी पहिलं काम म्हणजे वस्तू सांभाळणं. सिरिंज, कार्ट्रिज, वेष्टन, चार्ट हे सगळं सकाळच्या सफाईआधी ताब्यात घ्या. मग वेळांची साखळी लावा: ऑर्डर कधी लिहिली, फार्मसीचं बिल कधी झालं, नर्सिंग नोट्स काय म्हणतात, ग्लुकोमीटरच्या मेमरीत काय आहे. ग्लुकोमीटरचं घड्याळ आधी पडताळा. ते पुष्कळदा चुकीचं असतं आणि सगळी साखळी बिघडवतं.

त्यानंतर माणसं. नातेवाइकांना कुणी विचारत नाही, ही आपल्याकडची मोठी चूक. या प्रसंगात सगळ्यात स्पष्ट आजीच बोलल्या: “पेनाची सुई संपलेली की हो. मी सांगितलं तर ते म्हणाले, सकाळी मेडिकलातनं आणा.” चौकशीला खरी दिशा या वाक्यानं दिली.

सिस्टर गोकाककडच्या. इन्सिडेंट फॉर्मवर त्यांनी इंग्रजीत दोनच शब्द लिहिले होते: ‘राँग डोस’. अधीक्षकांच्या केबिनमध्ये त्या रडण्यापलीकडे काही बोलू शकल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी वॉर्डाच्या चेंजिंग रूममध्ये, चहा घेत, कन्नडमध्ये विचारल्यावर सगळं बाहेर आलं. त्या रात्री ड्यूटीवरची दुसरी सिस्टर रजेवर. पेनाची सुई वॉर्डाच्या स्टॉकमध्ये ठेवतच नाहीत, कारण बिलात ती पेशंटची वस्तू धरली जाते. केशरी टोपणाची सिरिंज वॉर्डात कधी आलेलीच नाही. डोस चुकला तर रागवतात, उशीर झाला तरी रागवतात. सीमाभागात काम करायचं असेल तर मराठी मुलांनी बोलण्यापुरती कन्नड शिकावीच, हे मी कळकळीनं सांगते. घाबरलेलं माणूस आपल्या भाषेतच खरं बोलतं.

अहवालाचा पहिला मसुदा आला, त्यात एकच शिफारस होती: ‘संबंधित सिस्टरना समज द्यावी व प्रशिक्षण द्यावे.’ मी त्यावर सही केली नाही. समज देऊन सुई स्टॉकमध्ये येत नाही. त्या जागी कुठलीही दमलेली, एकटी सिस्टर असती तरी हातात तीच सिरिंज आली असती. जेम्स रीझन या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञानं हेच चीजच्या चकत्यांवरून समजावलं: एकेक चकती म्हणजे सुरक्षेचा एकेक थर, प्रत्येक चकतीला भोकं असतातच, ती सगळी एका रेषेत आली की अपघात आरपार जातो. आपण फक्त शेवटच्या चकतीला शिक्षा करत बसतो.

शेवटी मान्य झालं ते असं. पेनाच्या सुया वॉर्ड स्टॉकमध्ये. कार्ट्रिजमधून सिरिंजनं औषध काढायला बंदी. पेशंटनं घरून आणलेलं इन्सुलिन ॲडमिशनलाच तपासून त्यावर ठळक 40 किंवा 100 चं लेबल. इन्सुलिनच्या डोसला दुसऱ्या व्यक्तीची पडताळणी. डॉक्टरांनी ‘यू’ न लिहिता ‘युनिट’ पूर्ण लिहायचं, कारण घाईत 4 पुढचा ‘यू’ शून्यासारखा वाचला जातो आणि 4 चे 40 होतात. शेवटच्या मुद्द्याचा या प्रसंगाशी थेट संबंध नव्हता. पण चार्ट चाळताना तसं लिहिलेलं सापडलं, मग सोडवेना.

आणखी एक. औषध योग्य दिलं तरी त्रास झाला, तर ती नोंद भारतीय फार्माकोव्हिजिलन्स (औषधांच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवण्याच्या) कार्यक्रमाकडे जाते. 2010 मध्ये सुरू झालेल्या या कार्यक्रमाचं राष्ट्रीय केंद्र गाझियाबादला आहे. त्यांचा फॉर्म भरायला इंटर्नशिपमध्येच शिका. आणि वॉर्डात चौकशी चालू असेल तर टिपणं घ्यायला मला बसू द्या, असं स्वतःहून विचारा. बहुतेक सीनियर हो म्हणतात, कारण ते काम करायला त्यांना कुणी मिळत नाही.